इंटरलाकेन परिसरातल्या गुहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन हे थुन आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांच्या मधल्या सपाट पट्टीवर वसलेलं गाव. महाराष्ट्रातून निघणाऱ्या कितीतरी युरोप सहलींचा मुक्काम इथे किंवा इथून जवळच असतो. युंगफ्राऊयोख हे उंचावरचं बर्फाळ रेल्वे स्टेशन बघून होतं, चॉकलेटची खरेदी होते, यश चोप्रांच्या पुतळ्याजवळ फोटो निघतात आणि बस पुढच्या गावाला लागते. सगळ्यांच्या माना वर, शिखरांकडे. या डोंगरांच्या पोटात काय आहे याची चौकशी मोजकेच लोक करतात. ते जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

या भागात आत जाऊन बघण्यासारखं नेमकं काय आहे?

मुख्य ठिकाणं तीन, आणि तिन्हींची जात वेगळी. थुन सरोवराच्या उत्तर काठावर संत बेआटुस गुहा आहेत. त्या चुनखडीतल्या, पाण्याने कोरलेल्या आणि पूर्ण नैसर्गिक. लाउटरब्रुनेनच्या दरीत ट्र्युमेलबाख आहे. तिथे हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या आतून दहा टप्प्यांत कोसळतं. तिसरा युंगफ्राऊयोखवरचा बर्फमहाल, हिमनदीच्या आत माणसाने खोदलेला.

याशिवाय मायरिंगेनजवळची आरे नदीची घळ आणि ब्रिएन्झ सरोवराकाठचा गीसबाख धबधबा आहे. या दोन्हींना गुहा म्हणता येणार नाही, पण ज्यांना खडक आणि पाणी यांचं नातं बघायचं आहे त्यांनी ती चुकवू नयेत.

गुहा म्हणजे अजिंठा-वेरूळसारखं काही असतं का?

नाही, आणि जाण्याआधी ही अपेक्षा बाजूला ठेवली तर जास्त आनंद मिळेल. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे ही लेणी. ती माणसांनी छिन्नी-हातोड्याने बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात कोरली. आपला सह्याद्री लाव्हारसाचा आहे. बेसॉल्ट झिजतो, फुटतो, पण पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे मैलोगणती लांब नैसर्गिक गुहा आपल्याकडे तयार होत नाहीत.

थुन सरोवराच्या उत्तरेचे डोंगर चुनखडीचे आहेत. तिथे कोरणारा हात पाण्याचा. मूर्ती नाहीत, चित्रं नाहीत. आंध्रातल्या बोरा गुहा किंवा मेघालयातल्या गुहा पाहिल्या असतील तर अंदाज येईल.

मग पाणी दगड कसा कोरतं?

पाऊस पडताना आणि मातीतून झिरपताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडीच्या भेगांमध्ये शिरलं की दगड कणाकणाने विरघळतो. भेगेची फट होते, फटीचा बोळ होतो, आणि हजारो वर्षांनी त्यातून अख्खा ओढा वाहायला लागतो.

याच्या उलट क्रियाही त्याच जागी चालते. दगड विरघळलेलं पाणी छतातून थेंबाथेंबाने गळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, आणि पाण्यातला चुना मागे राहतो. शाळेच्या भूगोलात ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ पाठ केले होते ना, ते इथे प्रत्यक्ष दिसतात. छतातून खाली लोंबणारा अधोमुखी, त्याच्या बरोब्बर खाली जमिनीतून वर येणारा ऊर्ध्वमुखी, आणि कुठेतरी दोघं एकमेकांना भेटून झालेला सलग खांब.

संत बेआटुस गुहा किती मोठी आहे?

आजवर सुमारे १४ किलोमीटर लांबीपर्यंत तिचा शोध लागला आहे. पर्यटकांसाठी त्यातला पहिला एक किलोमीटरच खुला आहे. १९०४ मध्ये विजेचे दिवे लावून हा भाग लोकांसाठी उघडला. फरसबंद वाट, कठडे, पायऱ्या असं सगळं आहे. वाट हळूहळू चढत आत जाते आणि त्याच वाटेने परतायचं असतं.

परतीची वाट कंटाळवाणी होईल असं अनेकांना वाटतं. उलट, परतताना उजेड दुसऱ्या बाजूने पडतो आणि जाताना नजरेतून सुटलेलं कितीतरी दिसतं. म्हणून जाताना सगळं बघून संपवायची घाई करू नका.

त्या गुहेतलं पाणी येतं कुठून?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण या सगळ्या परिसराचं मर्म त्याच्या उत्तरात आहे.

गुहेच्या वर नीडरहॉर्न नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे १९५० मीटर. थुन सरोवराची पातळी ५५८ मीटर. वरच्या माळावर बघितलं तर गवत आहे, गाई आहेत, पांढऱ्या दगडात पडलेल्या चिरा आहेत, पण एवढा पाऊस आणि बर्फ पडूनही वाहते ओढे त्या मानाने कमी. पाणी चिरांमधून सरळ डोंगरात उतरतं, आतल्या बोळांतून वाट काढतं आणि खाली गुहेच्या तोंडातून बाहेर येऊन धबधबा होऊन सरोवराकडे धाव घेतं. आपण गुहेत ज्या ओढ्याच्या कडेने चालतो तो हाच.

आणखी मागे, झीबेनहेंग्स्टे या डोंगराखाली दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीचं गुहांचं जाळं आहे. ते पर्यटकांसाठी नाही, तिथे फक्त सराईत गुहासंशोधक जातात. त्या जाळ्यातलं पाणी बेआटुस गुहेतून येत नाही. ते त्याहून खोल वाटेने जाऊन थुन सरोवरात पाण्याखालीच उगवतं. त्या झऱ्याचं नाव बेटेरिख. संशोधकांनी पाण्यात रंग सोडून ही वाट शोधली. दूरच्या श्राटेनफ्लू डोंगरावर मुरलेलं पाणी मधल्या एम्मे नदीच्या दरीखालून जाऊन थुन सरोवरात निघतं, हेही अशाच रंगचाचणीने सिद्ध झालं. म्हणजे जमिनीवर नदी एका दिशेने वाहते आणि तिच्याखालून दुसरं पाणी आपल्या वेगळ्या वाटेने जातं! बोटीतून सरोवराचं हिरवंनिळं पाणी बघताना त्यातलं काही डोंगराच्या आतून, अंधारातून आलं आहे हे माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं. मग गुहा हे तासाभराचं प्रेक्षणीय स्थळ राहत नाही, सगळा प्रदेशच उलगडतो.

बेआटुस कोण होते? आणि ती ड्रॅगनची गोष्ट?

परंपरा अशी सांगते की बेआटुस हे ख्रिस्ताच्या पहिल्या शतकातले धर्मप्रसारक. फिरत फिरत ते थुन सरोवराकाठी आले. तिथल्या गुहेत एक ड्रॅगन राहायचा आणि लोकांना त्राही भगवान करून सोडायचा. बेआटुसांनी हातातला क्रूस उगारला, तसा तो ड्रॅगन कड्यावरून खाली सरोवरात कोसळला आणि पाणी उकळायला लागलं. मग बेआटुस त्याच गुहेत एकांतवासात राहिले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. इतिहासकार या कथेला इतिहास मानत नाहीत. पण मध्ययुगात ही जागा मोठं तीर्थक्षेत्र होती, हा मात्र इतिहासच आहे.

१५२८ मध्ये बर्न राज्याने धर्मसुधारणा, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ, स्वीकारली आणि संतपूजा, तीर्थयात्रा यांवर बंदी आली. तरी लोक इथे येतच राहिले, तेव्हा सरकारने गुहेचं तोंड भिंत घालून बंद केलं. आज गुहेच्या तोंडाशी संतांची समाधी म्हणून दाखवली जाणारी जागा आहे, आणि स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाची एक शाखा याच काठाने जाते. ९ मे हा बेआटुसांचा स्मरणदिन.

ड्रॅगनच्या गोष्टीबद्दल माझं एक मत आहे. मोठ्या पावसानंतर किंवा बर्फ वितळताना या गुहेतलं पाणी प्रचंड आवाज करत उसळून बाहेर येतं. विजेचे दिवे नसताना, आत कुणी गेलेलं नसताना, डोंगराच्या पोटातून येणारा तो घोंगावणारा आवाज खालच्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ऐकला असेल. त्याला त्यांनी एक देह दिला, यात नवल काय?

आत प्रत्यक्ष काय बघायचं?

लवणस्तंभ सगळ्यांना दिसतातच. मी आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगेन.

पहिली, थेंब. एखाद्या अधोमुखी लवणस्तंभाच्या टोकाशी उभे राहा आणि एकच थेंब निवडा. तो लगेच पडत नाही. टोकाला येतो, फुगतो, दिव्याचा उजेड त्यात उलटा दिसतो, थरथरतो आणि मग सुटतो. त्या टोकाला अगदी बारीक पांढरी कड दिसेल. ती ताजी. बाकीच्या खांबावर गेरूसारखा तांबूस किंवा राखाडी रंग चढलेला असतो. म्हणजे वाढ आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे, फक्त तिचा वेग आपल्या आयुष्याच्या मापात बसत नाही. काही मिलिमीटर वाढायला कित्येक दशकं लागू शकतात.

दुसरी, दिव्यांच्या भोवतीचा हिरवा डाग. गुहेत सूर्यप्रकाश नाही, तरी दिव्याजवळच्या ओल्या दगडावर शेवाळ दिसतं. ते माणसाने आणलेलं. वीज आली, उजेड आला, आणि आपल्या कपड्यांवरून, बुटांवरून आलेल्या बीजकणांना वाढायला जागा मिळाली. पर्यटनाने गुहेला काय होतं हे समजायला एवढा एक डाग पुरे आहे.

संथ पाण्याची कुंडंही आहेत. त्यात छताचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ पडतं की खोलीचा अंदाज फसतो. मुलांना कठड्याच्या आत ठेवा.

बाहेर तोंडाशी प्रागैतिहासिक काळातल्या माणसांच्या वस्तीचा देखावा उभा केला आहे आणि गुहांविषयीचं एक छोटं संग्रहालयही आहे. बहुतेक लोक ते टाळून थेट उपाहारगृहात जातात. वीस मिनिटं काढा. नकाशे आणि संशोधकांची साधनं बघून आत काय पाहिलं ते नीट कळतं.

लवणस्तंभाला हात लावला तर काय होतं? एवढा मोठा दगड आहे.

कृपा करून लावू नका. हाताचं तेल दगडावर बसलं की पाणी तिथे पूर्वीसारखं पसरत नाही, चुना बसत नाही, आणि त्या जागी वाढ थांबते. शिवाय तो भाग काळा पडतो. हात एका माणसाचा नसतो, दर वर्षी येणाऱ्या हजारोंचा असतो. आपल्याकडच्या किल्ल्यांवर आणि लेण्यांत कोरलेली नावं बघून ज्यांचा जीव तुटतो त्यांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

गुहेपर्यंत कसं जायचं?

इंटरलाकेनहून थुनकडे सरोवराच्या उत्तर काठाने जाणारी २१ नंबरची बस घ्या. ‘बेआटुसह्योलेन’ या थांब्यावर उतरा, इंटरलाकेनपासून साधारण पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता. तिथून गुहेच्या तोंडापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा चढ आहे, झाडीतून, धबधब्याच्या कडेने.

दुसरी वाट बोटीची, आणि वेळ असेल तर तीच घ्यावी. इंटरलाकेन वेस्ट स्टेशनच्या मागेच बोटीचा धक्का आहे. बोट आधी कालव्यातून जाते आणि मग सरोवर उघडतं. झुंडलाउएनेनला उतरून वर चालायचं. हा चढ बसथांब्यापेक्षा जास्त आहे. बोटी उन्हाळ्यात भरपूर असतात, हिवाळ्यात खूप कमी. वेळापत्रक स्विस रेल्वेच्या ॲपवर एका जागी मिळतं: बस, बोट, ट्रेन, केबलकार सगळं.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तिकीट लागेल का?

पासवर २१ नंबरची बस आणि थुन, ब्रिएन्झ या दोन्ही सरोवरांवरच्या नेहमीच्या बोटी चालतात. गुहेचं आणि ट्र्युमेलबाखचं प्रवेश तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं. युंगफ्राऊयोखला पासवर वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावापर्यंत जाता येतं, पुढच्या तिकिटावर सवलत मिळते. दर बदलत राहतात, म्हणून इथे आकडे देत नाही. इंटरलाकेनच्या हॉटेलात उतरला असाल तर पाहुण्यांसाठीचं कार्ड मागून घ्या आणि त्यावर कोणत्या बस चालतात ते काउंटरवरच विचारा.

आत थंडी किती असते? काय घालावं?

संत बेआटुस गुहेत वर्षभर ८ ते १० अंश सेल्सिअस. जुलैमध्ये बाहेर टी-शर्टवर घाम येत असतो आणि आत शिरलं की दहाव्या मिनिटाला दात वाजायला लागतात. स्वेटर किंवा जाड जॅकेट पिशवीत हवंच. छतातून पाणी गळतं, म्हणून टोपी असलेलं जॅकेट उत्तम.

चपला, सँडल, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. साडी नेसून जाणाऱ्या काकू-मावशी ग्रुपमध्ये असतात. त्यांनी त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालावा, कारण ओल्या पायऱ्यांवर निऱ्या सांभाळणं आणि कठडा धरणं एकाच वेळी जमत नाही.

ट्र्युमेलबाखला तुषार उडतात, तिथे रेनकोट. बर्फमहालात तापमान शून्याखाली तीन अंशांच्या आसपास ठेवतात, पण युंगफ्राऊयोखसाठी तुम्ही आधीच नखशिखांत गुंडाळलेले असता.

आई-बाबांना गुडघेदुखी आहे. त्यांना नेता येईल का?

विचार करून ठरवा. बसथांब्यापासूनचा चढ टाळता येत नाही आणि आतही पायऱ्या आहेत. व्हीलचेअर नेता येत नाही. जे रोज तासभर चालतात आणि दोन मजले चढतात त्यांना सावकाश जमेल. ज्यांना घरचा जिनाही जड जातो त्यांनी गुहेत जाण्याचा हट्ट धरू नये.

अशा वेळी मी ट्र्युमेलबाख सुचवेन. तिथे डोंगराच्या आतून वर नेणारी लिफ्ट १९१३ पासून आहे. ती चढाचा मोठा भाग वाचवते. त्यानंतरही ओल्या पायऱ्या आहेतच, पण लिफ्टमधून उतरल्यावर जवळचे एक-दोन टप्पे बघून लिफ्टनेच परतता येतं. तेवढ्यानेही पैसे वसूल होतात.

लहान मुलांना चालतं का?

संत बेआटुस गुहा मुलांना फार आवडते, ड्रॅगनची गोष्ट आधी सांगून ठेवा. बाबागाडी आत नेता येत नाही, तान्ह्या बाळाला पाठीच्या किंवा पोटाच्या झोळीत घ्या. पाठीवर घेतलं असेल तर कमी उंचीच्या जागी आपण वाकलो तरी बाळाचं डोकं वर राहतं, हे ध्यानात ठेवा. ट्र्युमेलबाखला चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. हा नियम योग्य आहे. आतला आवाज आणि ओल्या पायऱ्या त्या वयाला झेपणाऱ्या नाहीत.

बंद जागेची भीती वाटते. जाऊ का?

गुहेचा पहिला भाग प्रशस्त आहे आणि दिवे सगळीकडे आहेत. काही ठिकाणी वाट अरुंद होते, छत खाली येतं. थोडं आत जाऊन बघा. अस्वस्थ वाटलं तर मागे फिरा. अंतर एक किलोमीटरच आहे आणि वाट एकच, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नाही.

फोटो चांगले येण्यासाठी काय करावं?

फ्लॅश बंद ठेवा. ओला दगड फ्लॅशने पांढराफटक होतो आणि मागची सगळी खोली नाहीशी होते. मोबाइलचा नाइट मोड लावा आणि हात कठड्यावर टेकवून स्थिर धरा. वाट अडवून रील करत उभं राहू नका. मागे लोक खोळंबलेले असतात आणि अरुंद जागी त्यांना पुढे जाता येत नाही.

ट्र्युमेलबाख म्हणजे धबधबा की गुहा?

दोन्ही. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या हिमभिंतींचं पाणी या एकाच वाटेने खाली येतं. पाणी जास्तीत जास्त असताना सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. वर्षाला वीस हजार टनांहून अधिक दगडगोटे त्याच्याबरोबर येतात, आणि खरं कोरकाम हे गोटेच करतात. चुनखडीच्या भिंतीत पाणी गोल फिरतं, गोटे भिंतीवर घासतात, आणि खडकात नागमोडी, घडीव वाटाव्यात अशा नळ्या तयार होतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेत? तीच क्रिया. निघोजला ती आडव्या पात्रात, बेसॉल्टमध्ये, आणि पाणी कमी असताना कोरड्या पायाने बघता येते. इथे ती उभ्या कड्याच्या आत, ऐन काम चालू असताना दिसते.

लिफ्टने सहाव्या टप्प्याशी जायचं, तिथून पायऱ्यांनी दहाव्यापर्यंत चढायचं आणि मग सगळे टप्पे बघत पायी खाली यायचं. शेजारच्या माणसाशी बोलणं अशक्य होतं इतका आवाज असतो. कठड्यावर हात ठेवला की धातूतून थरथर जाणवते. लाउटरब्रुनेन स्टेशनवरून १४१ नंबरची बस थेट दारात सोडते. साधारण एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुलं असतं. जून-जुलैमध्ये बर्फ वितळत असताना जा. शरद ऋतूत पाणी बरंच उतरतं.

युंगफ्राऊयोख करून आलेल्यांनी तर ट्र्युमेलबाख चुकवूच नये. वर ज्या बर्फात फोटो काढले त्याच पर्वतांचं पाणी खाली काय करतं ते इथे कळतं.

बर्फमहाल नैसर्गिक आहे का?

नाही. १९३० च्या दशकात ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनच्या गिर्यारोहक वाटाड्यांनी कुऱ्हाडी आणि करवतींनी हिमनदीच्या आत तो खोदला. जागा ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोख स्टेशनच्या आवारात. हिमनदी सतत सरकत असल्यामुळे भिंती आणि छत पुन्हा पुन्हा तासावं लागतं, आणि एवढ्या माणसांच्या अंगाची ऊब बर्फ वितळवू नये म्हणून आत थंडावा यंत्राने राखावा लागतो. शिल्पांभोवती गर्दी होते. मला तिथे भिंत जास्त बघावीशी वाटते: काचेसारख्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे, जुन्या हिमवर्षावातले.

उंचीमुळे दम लागतो. बर्फावर धावू नका.

पाऊस पडत असेल तर गुहा हा चांगला पर्याय, बरोबर ना?

रिमझिम असेल, ढगांमुळे शिखरं दिसत नसतील, तर हो. युंगफ्राऊयोखचं महागडं तिकीट काढून पांढऱ्या धुक्यात उभं राहण्यापेक्षा त्या दिवशी गुहा बघावी.

मुसळधार पाऊस असेल तर मात्र आधी चौकशी करा. वर सांगितलं तसं, नीडरहॉर्नवर पडलेलं पाणी याच गुहेतून बाहेर येतं. पाणी वाढलं की गुहा बंद ठेवतात. तिथे गेल्यावर दार बंद दिसलं तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. ते तुमच्या जिवाचाच विचार करत असतात.

डोंगरात फिरताना एखादी मोकळी गुहा दिसली तर आत डोकवावं का?

तोंडापाशी डोकवा, आत जाऊ नका. चुनखडीतल्या गुहेत पाणी किती वेगाने चढतं याची कल्पना बाहेरून येत नाही. बाहेर ऊन असतं, वर कुठेतरी वादळी पाऊस झालेला असतो, आणि आतली वाट तासाभरात पाण्याखाली जाते. लुसर्न सरोवराच्या पलीकडे मुओटा दरीत ह्योलोख नावाची दोनशे किलोमीटरहून लांब गुहा आहे. ऑगस्ट १९५२ मध्ये आल्फ्रेड ब्योग्ली हे नामवंत गुहासंशोधक तिथे तीन साथीदारांसह पुरामुळे आत अडकले. पाणी उतरून सुखरूप बाहेर पडायला सुमारे दहा दिवस लागले. ते आयुष्यभर गुहांचा अभ्यास करणारे होते. आपण टूरवर आलेले.

आतमध्ये मोबाइलला रेंजही नसते. बाहेर डोंगरात काही झालं तर रुग्णवाहिकेसाठी १४४, हेलिकॉप्टर बचावसेवेसाठी १४१४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

शाकाहारी माणसाच्या खाण्याचं काय?

गुहेच्या तोंडाशी उपाहारगृह आहे, शाकाहारी काही ना काही मिळतं. युंगफ्राऊयोखवर आणि इंटरलाकेन गावात भारतीय जेवण मिळतं. तरी दशम्या, चटणी, चिवडा पिशवीत असू द्या. सरोवराकाठच्या बाकावर बसून खाण्यात संकोच वाटायचं कारण नाही, स्विस लोकही घरून डबा आणतात. गुहेत मात्र काहीही खायचं नाही. सांडलेले कण आत कुजतात आणि तिथल्या नाजूक जीवसृष्टीला त्रास होतो. कुत्र्यांनाही आत प्रवेश नाही.

ग्रुप टूरमध्ये अर्धाच दिवस मोकळा आहे. काय निवडू?

संत बेआटुस गुहा. जाणं-येणं, चढ, आतला तास-सव्वातास आणि संग्रहालय धरून साडेतीन-चार तासांत होतं. आपल्या टूर मॅनेजरला सांगून जा आणि परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. युंगफ्राऊयोख त्याच टूरमध्ये असेल आणि परतताना बस लाउटरब्रुनेनला थांबणार असेल, तर ट्र्युमेलबाखसाठी दीड तास मागून बघा. सगळा ग्रुप मिळून मागितलं तर बहुतेक वेळा मिळतो.

स्वतःहून गेलो आणि आणखी दिवस हाताशी असले तर?

मायरिंगेनची आरे घळ: १४०० मीटर लांब, काही जागी फक्त एक मीटर रुंद, कडे दोनशे मीटरपर्यंत उंच. १८८८ पासून लोकांसाठी खुली. आतून लाकडी पुलावरून चालत जायचं. गीसबाखला धबधब्याच्या मागून जाणारी पायवाट आहे, आणि बोटीच्या धक्क्यावरून वर नेणारी छोटी केबल रेल्वे १८७९ ची आहे.

वालिस प्रांतात जाणार असाल तर सेंट लेओनार्डचं भूमिगत सरोवर बघा. सुमारे ३०० मीटर लांब, त्यात नावेतून फिरवतात. १९४३ मध्ये त्याची पाहणी झाली, १९४६ च्या भूकंपानंतर पाण्याची पातळी उतरली आणि १९४९ पासून लोकांना आत जाता येऊ लागलं. इंटरलाकेनहून ते एका दिवसात करता येतं, पण घाई होते. जवळच्या सियोन शहरात एक मुक्काम टाकावा.

एकच पूर्ण दिवस आहे आणि थुन सरोवराची बाजू नीट बघायची आहे. क्रम कसा लावू?

पाणी ज्या क्रमाने जातं त्याच क्रमाने जा. सकाळी इंटरलाकेनहून १०१ नंबरच्या बसने बेआटेनबर्ग, तिथून गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्याने, नीडरहॉर्नच्या माथ्यावर. वर तास-दीड तास चाला, पायाखालच्या चिरा आणि खळगे बघा. पाऊस पडला की पाणी यातूनच आत उतरतं. खाली बेआटेनबर्गला येऊन तिथली केबल रेल्वे घ्या. ती कडा उतरून सरोवराकाठी बेआटेनबुख्टला पोहोचते. तिथून इंटरलाकेनच्या दिशेची २१ नंबरची बस, आणि दुपारी गुहा. गुहेतून बाहेर पडल्यावर ओढ्याच्या कडेने झुंडलाउएनेनच्या धक्क्यापर्यंत उतरा आणि बोटीने परत या. शेवटची बोट सकाळीच बघून ठेवा. ती चुकली तर वरच्या रस्त्यावरून २१ नंबरची बस आहेच.

पावसाळी हवेत हा क्रम उलटा करा: गुहा सकाळी, आणि दुपारी ढग हटले तरच नीडरहॉर्न. तिथे ढगात काहीच दिसत नाही. गोंडोलाचं तिकीट काढण्याआधी माथ्यावरच्या वेबकॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर बघून घ्या.